मालगाडीच्या वाघिणीवरचा (डब्यावरचा) अकरा आकडी नंबर कसा टिपायचा

बडोद्याहून अहमदाबादच्या दिशेने बाजवा, आणि त्यापुढे करचिया यार्ड. कोयलीची रिफायनरी 1965 साली सुरू झाली. इथल्या गाड्यांत टाकीच्या वाघिणी इतक्या दिसतात त्या तिच्यामुळेच, म्हणून सरावाला बाजव्याचा प्लॅटफॉर्म चांगला.

यार्डात मात्र उतरायचं नाही. शंटिंगमध्ये, म्हणजे डबे जोडता-सोडताना, सोडलेली वाघीण इंजिनाशिवायही घरंगळत येते आणि ती अंगावर येईपर्यंत आवाज जाणवत नाही. विनापरवाना रुळांत जाणं रेल्वे कायदा 1989, कलम 147 खाली गुन्हाही आहे.

नंबर 2-2-2-4-1 असा तोडून वाचा. अकरा आकडे सलग टिपायला गेलात तर चालत्या गाडीवर हमखास घोळ होतो. पहिली जोडी प्रकाराची: 10 ते 29 उघडी, 30 ते 39 बंद, 40 ते 54 टाकी, 55 ते 69 सपाट, 70 ते 79 हॉपर (खालून रिकामी होणारी), 85 ते 89 ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा). दुसरी जोडी मालकाची: 01 मध्य रेल्वे, 08 पश्चिम, 25 कॉनकॉर (कंटेनर वाहतुकीची सरकारी कंपनी), 26 खासगी. मालकावरून गाडी कुठून आली हे ठरवू नका, वाघिणी देशभर फिरतात. तिसरी जोडी बांधणीचं वर्ष. मग चार आकडे तिचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळ्याचा.

खरी गंमत या पडताळ्यात आहे. समजा, 4008110357 इतकं वाचलंत. डावीकडून सम जागांवरचे आकडे: 0+8+1+3+7 = 19, त्याची तिप्पट 57. विषम जागांवरचे: 4+0+1+0+5 = 10. बेरीज 67. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे 70 ला, 3 कमी. म्हणून अकरावा आकडा 3 हवा. बेरीज नेमकी दहाच्या पटीत आली तर 0.

पूर्वी चारचाकी वाघिणी एकेक सोडवून दिशेनुसार जोडल्या जात. बाजूच्या क्लिपेत मुक्कामाचं लेबल असायचं, आणि नंबर टिपणारा कारकून वही घेऊन अख्खी गाडी पायी चालायचा. आता बहुतेक माल पूर्ण रेकने, म्हणजे न तोडता अख्ख्या गाडीने, जातो आणि नंबर संगणकात चढतो. आकडा चुकला की वाघिणीची नोंदच भलतीकडे जाते, म्हणून पडताळा हवाच.

रंग उडाला की 3 चा 8 होतो, 1 चा 7. चुकलेला आकडा एकच असेल तर पडताळा तो पकडतोच. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी बहुधा पकडतो: वरच्या नंबरात 35 ऐवजी 53 लिहिलंत तर शेवटी 9 यायला हवा, आणि वाघिणीवर तर 3 आहे. पण शेजारच्या आकड्यांत पाचाचा फरक असेल, 27 चं 72 किंवा 16 चं 61, तर बेरीज जुळते आणि चूक तशीच निसटते. अशी जोडी दिसली की तोच नंबर पुन्हा वाचा. नंबरासोबत बीटीपीएनसारखी अक्षरंही टिपा: बी म्हणजे बोगी (आठचाकी), टी टाकी, पी पेट्रोल, एन एअर ब्रेक. अक्षरं टाकीची आणि पहिली जोडी 30 च्या घरातली निघाली, तर दोन्हींपैकी एक चुकीचं वाचलंय.