जुनी एटीव्ही घेतलीत? मग या चुका टाळा

मे महिना संपत आला की आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून थकलेल्या एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी मोटरसायकली, विकायला निघतात. पावसाळ्यात धंदा बंद. शेडमध्ये गंजत ठेवण्यापेक्षा चार पैसे आलेले बरे, असा साधा हिशोब. घेणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. कुणाचं फार्महाऊस असतं, कुणाला आंब्याच्या बागेत शेणखत ओढायचं असतं, कुणाला नुसती हौस. जूनचा पहिला पाऊस पडतो आणि त्याच गाड्या टेम्पोतून माझ्या गॅरेजच्या दारात उतरतात. सोबत ठरलेलं वाक्य येतं, "काका, परवापर्यंत चालत होती."

मी इथे बोलतोय ते किनाऱ्यावर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ११० सीसीच्या चिनी बनावटीच्या गाड्यांबद्दल. मोठ्या होंडा-पोलारिसचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, ते वाचा. या छोट्यांना आई-बाप नसतो. एकाच कारखान्याची गाडी तीन नावांनी विकलेली असते, त्यामुळे नाव सांगून पार्ट मागितला तर दुकानदार तरी काय देणार?

ओळख न पटवता पार्ट मागवणं

प्लॅस्टिकवरचे स्टिकर वाचू नका. '१२५ स्पोर्ट' लिहिलेल्या गाडीत ११० चं इंजिन मी कितीदा पाहिलंय. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, डाव्या अंगाला, खालच्या बाजूला इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो. चिखलाखाली असतोच, म्हणून वायर ब्रश आणि थोडं डिझेल घ्या. पुसून त्यावर खडू चोळला की अक्षरं उठून दिसतात. तिथे १५२ एफएमएच असं काही वाचता येईल. यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ५२ म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर, सिलिंडरच्या भोकाची रुंदी (प्रत्यक्षात ५२.४), एफ म्हणजे हवेवर थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलच्या जातीचं आणि शेवटचा एच म्हणजे ११० सीसीचा गट. १४७ एफएमडी असेल तर ७० सीसी, १५४ एफएमआय असेल तर १२५. कुणी १२५ सांगून एच अक्षराची गाडी गळ्यात मारत असेल, तर भाव तिथल्या तिथे पाडा.

चासीचा नंबर सहसा पुढच्या बंपरमागच्या नळीवर असतो. तो नीट सतरा आकडी-अक्षरी असेल तर दहावं अक्षर बघा. बी म्हणजे २०११, एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८. आय या यादीत नसतो, त्यामुळे एचनंतर थेट जे येतो. गेल्या वर्षी एक गृहस्थ '२०१७ ची आहे' म्हणून गाडी घेऊन आले. दहावं अक्षर बी. मी काही बोललो नाही, नुसतं बोट ठेवलं.

आता आमच्या लाडक्या स्प्लेंडरबद्दल. या चिनी इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ४९.५ मिलिमीटर आणि स्प्लेंडरचाही तेवढाच. दोन्ही जुन्या होंडाच्या घराण्यातली, म्हणून हाताला ओळखीची लागतात. लगेच कुणीतरी म्हणतं, स्प्लेंडरचं सिलिंडर-पिस्टनचं किट टाकू, स्वस्त पडेल. पण स्प्लेंडरचा बोअर ५० चा आहे, हा ५२.४ चा. पिस्टन म्हणजे काय चप्पल आहे, जरा सैल चालली तर चालली?

चेनचं तेच. ४२० आणि ४२८, दोन्हींची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच. टेबलावर शेजारी ठेवल्या तर सारख्याच वाटतात. फरक आतल्या रुंदीत, एक पाव इंच आणि दुसरी पाच सोळांश. अरुंद स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दात्यांच्या चाकावर) रुंद चेन बसते, फिरतेही, आणि आठवड्यात दात खाऊन टाकते. पट्टीवर छापलेला आकडा वाचा, नाहीतर जुनी चेन खिशात घालून दुकानात जा. सीडीआय, म्हणजे ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, घेतानाही जुना सोबत न्या, पिना मोजा. त्यात एक बॅटरीवर चालणारा आणि एक मॅग्नेटच्या कॉइलवर चालणारा असे दोन प्रकार येतात, आणि डबा बाहेरून जुळ्या भावासारखा.

करंट न बघता इंजिन उघडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. दोन वर्षांपूर्वी पेणकडचा एक मुलगा गाडी घेऊन आला. चेहरा उतरलेला. गाडी चालू होईना म्हणून त्याच्या गावच्या मेकॅनिकने कान लावून निदान केलं होतं, "इंजीन बसलाय." मग हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या, गॅस्केट सेट नवा. हजारांत बिल. सगळं बसवून सेल्फ मारला तर गाडी पूर्वीसारखीच मुकी. मग दुसरी बॅटरी. मग नवा प्लग. मग माझ्याकडे.

मी प्लग काढला, टोपीत खोचून हेडला टेकवला आणि त्याला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. या कामाला दीड मिनिट लागलं. मग मागच्या कॅरिअरखाली हात घातला. तिथे दोरीचा किल स्विच असतो. पर्यटक उधळला तर मागून चालणाऱ्या माणसाने दोरी ओढायची आणि गाडी बंद पाडायची, त्यासाठी. दोरीही नव्हती, स्विचची टोपीही नव्हती. स्विचच्या आत समुद्राच्या वाऱ्याने हिरवट मीठ साचलेलं. सीडीआयच्या सॉकेटमधून काळी-पांढरी वायर सोडवली, पुन्हा सेल्फ मारला. निळी, टपोरी ठिणगी. बऱ्याच गाड्यांत हीच वायर अर्थ झाली की करंट मरतो. मूळ बिघाड एवढाच, एक गंजका स्विच.

गाडी मात्र तरीही चालू झाली नाही. कार्बोरेटरमधून फटफट उलटा श्वास टाकायला लागली. कारण हेड परत बसवताना त्या मेकॅनिकने टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी आतली चेन, एक दात चुकवली होती. मॅग्नेटच्या चाकावरची टी खूण केसिंगच्या खाचेसमोर आणली, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या स्प्रॉकेटवरचा ठिपका बघितला तर हेडवरच्या खाचेच्या पुढे गेलेला. म्हणजे आधी गाडीत एकच दोष होता, दुसरा पैसे देऊन बसवून घेतला. दात जुळवला, टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) लावले, दुसऱ्या सेल्फला गाडी बोलली. तो विचारतो, "काका, मग त्या रिंगा?" त्या आता नव्या आहेत, एवढंच म्हणालो.

माझी सवय अशी आहे. सेल्फच फिरत नसेल तर गाडी न्यूट्रलला घेतो आणि ब्रेक दाबतो, कारण अनेकींत त्याशिवाय सेल्फ लागतच नाही. मग हँडलवरचा लाल स्विच, मग मागची दोरी, रिमोटने गाडी बंद करायचा डबा असेल तर तोही. मग ठिणगी. ठिणगी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर पेट्रोल. पेटून लगेच विझली तर दोष कार्बोरेटरकडे. इंजिन गार असताना टॅपेटला फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी), ०.०५ मिलिमीटर. घट्ट टॅपेटमुळे कॉम्प्रेशन पडतं आणि लोक रिंगांना शिव्या देतात. एवढं झाल्यावरही गाडी मुकी असेल तर पाना हातात घ्या. यूट्यूबवर दहा मिनिटांत इंजिन खोलून दाखवतात. बंद करायला लागलेले दोन दिवस त्यात नसतात.

जेटमध्ये सुई घालणं

कार्बोरेटरमधल्या स्लो जेटचं, म्हणजे मंद वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळकांड्याचं, भोक केसाएवढं असतं. सुईने ते मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर काळा धूर सोडते. मी वायरीतला तांब्याचा एकच धागा घेतो, नंतर हवा मारतो. आणि पावसाळ्याआधी पेट्रोल टाकीतून, कार्बोरेटरच्या वाटीतूनही, काढून टाका. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये आमच्याकडच्या दमट हवेत पाणी शिरतं, सप्टेंबरमध्ये वाटीत पांढरा गाळ सापडतो.

पंपावर हवा भरणं

पंपावरच्या मुलाला एटीव्हीचा टायर दिला की तो मोटरसायकल समजून तीस पौंड मारतो. टायरच्या कडेला काय छापलंय ते वाचा. या छोट्या टायरना बहुतेक वेळा तीन ते पाच पौंड लागतात, बोटाने दाबला जातो इतके. त्या फुगीर टायरमध्येच या गाडीची बरीचशी स्प्रिंग आहे. टाइट टायरवर ती चेंडूसारखी उडते, आणि मागचा अ‍ॅक्सल सलग, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर सरळच निघते. तीन पौंड मोजणारा वेगळा गेज मिळतो, तो घ्या. पंपाच्या मीटरवर तीन पौंडाला काटा हललेलासुद्धा कळत नाही.

चकचकीत रंगाला भुलणं

किनाऱ्यावरची गाडी आणि नुकताच मारलेला रंग, मला तर शंका येतेच. फूटरेस्टच्या जोडाला आणि स्विंगआर्म (मागची चाकं धरणारा दांडा) बसतो तिथे जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला तर टोक दाबून बघा, माझं एकदा आरपार गेलं होतं, विकणाऱ्यासमोरच. मागचं चाक उचलून दोन्ही हातांनी हलवा, खडखडलं तर अ‍ॅक्सलचं बेअरिंग गेलंय. पंपाच्या जोरदार पाण्याने धुणारे तेच बेअरिंग लवकर मारतात, पाणी सीलच्या आत ढकललं जातं. गोड्या पाण्याचा साधा पाइप पुरे. आणि चासीला वेल्डिंग मारायचं असेल तर बॅटरी आणि सीडीआय आधी सोडवा, ही चूक स्वतः केलेली आहे म्हणून सांगतो.

ऑइल मोटरसायकलचंच, डब्यावर जासो एमए (मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) बघून. कारचं टाकलं तर क्लच घसरतो.

चोक ओढून गाडी दिवसभर पळवू नका.

अंगठ्याच्या अ‍ॅक्सिलरेटरपाशी एक छोटा स्क्रू आणि त्यावर नट असतो. पोरांच्या हातात गाडी देताना वेग आवरायला तो दिलाय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा तो स्क्रू काढून फेकलेला असतो. मी नवा बसवून देतो, पैसे घेत नाही. पुढच्या वर्षी गाडी परत येते तेव्हा तो पुन्हा नसतो.