पोरांची साखळी करून मज्जातंतूचा वेग कसा मोजायचा

तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवताना मी बरीच वर्षं एक चूक इमानेइतबारे केली. चेतापेशी, म्हणजे शरीरभर निरोप नेणाऱ्या पेशी, म्हणजे वायर आणि मेंदू म्हणजे मेन स्विच, असं सांगून मोकळी व्हायचे. एकदा नववीतला पोरगा उठला, बाप वायरमन. "बाई, वायरीतनं करंट लगीच जातोय की. मग बॉल दिसूनबी बॅट उशिरा का फिरतीया?" मी त्याला खाली बसवलं, कारण उत्तर माझ्याकडं नव्हतं. तेव्हापासून आकृती मागं ठेवली आणि हा धडा घड्याळापासून सुरू केला. नव्यानं लागलेल्या शिक्षकांसाठी रीत सांगते.

सामान फार नाही. मोबाईलमधलं स्टॉपवॉच, शिंप्याची टेप आणि वीस-बावीस पोरं. मुलांची साखळी वेगळी, मुलींची वेगळी. घोटे धरायचे असतात, गावात उगाच चर्चा नको.

पोरांना गुडघे वर करून शेजारीशेजारी गोलात बसवा. प्रत्येकानं उजवा हात उजवीकडच्याच्या खांद्यावर ठेवायचा. डोळे मिटलेले, बोलणं बंद. तुम्ही घड्याळ सुरू करता करता पहिल्याचा खांदा दाबा. दाब जाणवला की त्यानं पुढच्याचा दाबायचा. शेवटच्यानं हात वर केला की घड्याळ बंद. मग हेच सगळं घोटा धरून करा.

इथं घाई करू नका. पहिले तीन-चार फेरे फुकट जातात. कुणी हसतं, कुणी दाब यायच्या आधीच पुढं दाबतं. शिवाय सरावानं वेळ आपोआप कमी होत जातो. मी पहिल्या वर्षी खांद्याचे पाचही फेरे आधी उरकले आणि नंतर घोट्याचे घेतले. तोवर पोरं इतकी तरबेज झाली की घोट्याचा वेळ खांद्यापेक्षा कमी आला! म्हणून एकदा खांदा, एकदा घोटा, असं आलटूनपालटून घ्या आणि सरासरी काढा.

आता हिशोब. समजा 22 पोरांना खांद्याच्या फेरीत 5.4 सेकंद लागले आणि घोट्याच्या फेरीत 5.9. फरक अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे एका पोरामागं साधारण 0.023 सेकंद. विचार करायला, हात हलवायला आणि तुम्हाला बटण दाबायला लागणारा वेळ दोन्हीकडं सारखाच, तो वजाबाकीत उडून जातो. उरतो तो घोट्यापासून खांद्यापर्यंतच्या जादा वाटेचा वेळ. टेपनं मोजलं तर ती वाट 1.1 मीटर भरते. भागाकार केला की सेकंदाला 48 मीटरच्या आसपास वेग येतो. तुमचा आकडा 30 आला काय, 70 आला काय, बिघडत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन हेल्महोल्ट्झनं 1850 च्या सुमाराला बेडकाच्या पायावर हाच वेग मोजला, तो सेकंदाला 27 मीटरच्या आसपास आला. हा वेग मोजताच येणार नाही, असं त्याच्या गुरूंचं मत होतं. त्यानंही तंतूच्या जवळच्या आणि लांबच्या जागी धक्का देऊन वेळेची वजाबाकीच केली होती. पोरांना हे जरूर सांगा, त्यांची छाती फुगते.

मग वायरमनच्या पोराचा प्रश्न पुन्हा घ्या. वायरीत ढकलणारी बॅटरी एका टोकाला असते. चेतापेशीच्या अक्षतंतूत, म्हणजे निरोप लांब नेणाऱ्या तिच्या धाग्यात, मात्र प्रत्येक टप्प्यावर नव्यानं ठिणगी पडते. एरवी पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टनं ऋण असतो. इशारा आला की पेशीच्या पटलातली, म्हणजे तिच्या पातळ आवरणातली, दारं उघडतात, सोडियमचे धनभारित आयन आत घुसतात, पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि शेजारची दारं उघडायला लागतात. दिवाळीतली लवंगीची माळ डोळ्यांपुढं आणा. पेटली तर शेवटपर्यंत पेटते, नाहीतर पेटतच नाही. फरक एवढाच, की ही माळ एक-दोन मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार असते. जोरात दाबल्यानं एकेक आवाज मोठा होत नाही, फटाके लागोपाठ वाजतात.

मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असलेल्या तंतूत हा संदेश विनाथांबा एसटीसारखा मोजक्या ठिकाणीच थांबतो. ज्यांवर ते नसतं ते तंतू सांगली-मिरज शहर बससारखे, सेकंदाला जेमतेम मीटरभर. म्हणून उंबऱ्याला करंगळी ठेचकाळली की आपटल्याचं लगेच कळतं आणि खरी कळ मागाहून येते.

दोन पेशींमध्ये मात्र फट असते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षा थोडी मोठी. पुस्तकात तिला संपर्कस्थान म्हटलंय. तिथं बसमधून उतरून नावेनं पलीकडं जायचं, कारण फटीपलीकडं बहुतेक वेळा रसायनच निरोप नेतं. ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं 1921 मध्ये बेडकाच्या एका हृदयाची चेता (मज्जातंतू) चेतवून ते मंदावलं आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. तेही मंदावलं.

हे वर्गात दाखवायला मी चिंचोके आणि खडे घेते. चिंचोका म्हणजे "पेट", खडा म्हणजे "थांब". मधल्या पोराला पाच जणांनी एकाच वेळी मनाला येईल ते द्यायचं. चिंचोक्यांतून खडे वजा करून तीन किंवा जास्त उरले, तरच त्यानं पुढच्याचा खांदा दाबायचा. नाहीतर गप्प बसायचं. दोन-तीन डाव झाले की पोरंच ओळखतात, की मेंदूत नुसता निरोप पोचवणं नसतं, प्रत्येक फटीपाशी मोजदाद चाललेली असते. वायरमनचं पोरगं म्हणालं, "म्हंजे बाई, हितं परत्येक खांबावर मीटर बसीवलाय."

चिंचोके मोजून द्या आणि मोजूनच परत घ्या. नाहीतर पुढच्या तासाला मागच्या बाकावर डाव रंगलेला असतो.