कूलंट बदलल्यावर गाडी तापते? आधी ही तयारी करा

कूलंट, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह) नाहीतर एखादा होज म्हणजे रबरी पाइप बदलला आणि गाडी तापायला लागली, की लोक लगेच कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या नावाने खडे फोडतात. वॉटर पंप काही मुहूर्त बघून त्याच दिवशी जात नाही. काल बरी असलेली गाडी आज तापते, तर जिथे हात लागलाय तिथे आधी बघा. आणि कूलंट बाहेर काढलं होतं म्हणजे आत हवा शिरली होती, हे धरूनच चाला.

इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं असेल तर उत्तम. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. फडकं धरून हळूच फिरवतो, असंही नको. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि ते उकळून थेट अंगावर येतं.

हातमोजे, टॉर्च, फडकी, नरसाळं, खाली ठेवायला ट्रे. कूलंटचा डबा मात्र नीट वाचून घ्या. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर मॅन्युअल सांगेल त्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं तर गाडी जास्त थंड राहील हा गैरसमज आहे. त्यातलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. रंगावरूनही कूलंट घेऊ नका, तोच रंग दुसऱ्या कंपनीत वेगळ्याच प्रकाराला असतो. सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोडसर असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.

एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून इंजिनचे आकडे दाखवणारं यंत्र) जवळ असू द्या. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा तापमान दहा-पंधरा अंशांनी हललं तरी मुद्दाम मधोमध राहील असाच बसवलेला असतो. तो हलतो तोवर उशीर झालेला असतो. स्कॅनरवर खरा आकडा दिसतो: साधारण ८५ ते १०० अंश ठीक, ११० च्या पुढे जायला लागला की इंजिन बंद. शिवाय सेन्सरभोवती कूलंटऐवजी हवेचा खिसा असेल तर आकडा विचित्र उड्या मारतो, तीही खूणच.

काढलेलं कूलंट टाकून द्यायच्या आधी मोजा. पाच लिटर निघालं आणि साडेतीन लिटरमध्येच टाकी काठोकाठ भरली, तर उरलेल्या दीड लिटरच्या जागी हवा आहे. दुसरं काही शोधायची गरजच नाही.

आता हीटर. कूलंट ओतायच्या आधी इग्निशन ऑन करून हीटर फुल्ल गरमवर, ब्लोअर हळू. उन्हाळा असला तरी, घामाच्या धारा लागल्या तरी. हेच राहिलं तर बाकी सगळं बरोबर करूनही गाडी तापतच राहते. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे, बऱ्याचदा बराच उंचावर असतो आणि हवा नेमकी तिथे जाऊन बसते. काही गाड्यांत हीटर बंद असला की तिकडे जाणारा व्हॉल्व्हही बंद असतो, मग तुम्ही तासभर ब्लीड केलं, म्हणजे अडकलेली हवा बाहेर काढत बसलात, तरी ती हवा जागची हलत नाही. काही गाड्यांत असा व्हॉल्व्हच नसतो, हे खरं. तुमच्या गाडीत आहे की नाही याचा शोध घेत बसण्यापेक्षा हीटर लावा. फुल्ल गरम. अर्ध्यावर नाही.

त्याच हीटरने निदानही होतं. आकडा नव्वदच्या पुढे आणि हीटरमधून गार हवा? हवा अडकली आहे, कूलंट कमी आहे किंवा ते फिरतच नाहीये. हीटर कढत, वरचा होज गरम आणि खालचा थंडगार? मग थर्मोस्टॅट उघडत नसावा. तो बहुधा ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो, त्यामुळे त्याआधी खालचा होज गार असणारच, घाई करू नका. नवा बसवला असेल तर स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आहे ना आणि त्यावरचं हवा सुटायचं बारीक भोक वरच्या अंगाला आहे ना, ते बघा.

गाडीचं नाक थोडं वर करून उभी करा, हँडब्रेक, चाकांना अडण. ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून हळूहळू ओता. स्क्रूतून आधी फसफस येते, मग तुटक थेंब, मग बुडबुडे नसलेली सलग धार. धार सलग झाली की स्क्रू बंद. हीटर लावलाय ना? मग इंजिन चालू करा, वरचा होज अधूनमधून दाबत राहा, लेव्हल उतरेल तशी भरत जा. मॅन्युअलमध्ये झाकण लावून ब्लीड करा असं असेल तर तसंच करा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. फॅन लागलाच नाही तर त्याचा कनेक्टर परत लावायचा राहिलाय का बघा. बोटं मात्र लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही फॅन अचानक फिरतो.

एवढं करूनही तापते? उभी असताना तापते तर फॅन, वेगात तापते तर रेडिएटर तुंबलेला. झाकणाचं रबर चिरलंय का. बेल्ट काढला असेल तर तो बरोबर वळवलाय का. बुडबुडे थांबतच नाहीत, थंड इंजिन चालू करताच होज टणक होतो, ऑइल दुधाळ दिसतं: हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाच्या सांध्यातलं सील) गेलेलं असू शकतं, मेकॅनिककडे टो करून न्या.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर लेव्हल बघा. थोडी उतरली असेल तर भरा, हीटर लावून पुन्हा एकदा ब्लीड. रोजच उतरत असेल आणि खाली थेंबही दिसत नसेल तर प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधायची चाचणी) करून घ्या, तोवर लांबचा प्रवास नको.