बोर्डिंगमधल्या कुत्र्याला नुसतं दमवू नका: खेळ आणि खाऊतल्या या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी. या तीन वेळी ठाणे-नवी मुंबईतली बोर्डिंग, म्हणजे घरचे बाहेरगावी असताना कुत्री सांभाळणाऱ्या जागा, गच्च भरतात. घोडबंदर रोडवरच्या केनेलपासून खारघर-उलव्याच्या रो-हाउसमधल्या होम बोर्डिंगपर्यंत सगळीकडे आता 'एन्रिचमेंट' हा शब्द पोचला आहे. बुकिंग करताना पालक, म्हणजे कुत्र्याचे मालक, हमखास विचारतात, "दिवसभर ॲक्टिव्हिटी काय देता?" प्रश्न बरोबर आहे, फक्त त्यातला 'दिवसभर' घोळ करतो.

पूर्ण वाढलेला कुत्रा घरी दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. अनोळखी जागी आधी उडते ती झोपच. हुंगणं, चाटणं, चघळणं, शोधणं, फाडणं, कंटाळा आला की आडोशाला जाणं ही कुत्र्याची स्वतःची कामं आहेत आणि ती त्याला करू देणं म्हणजे एन्रिचमेंट. जमलं की नाही ते ओळखायला एक खूण पुरते: खेळ संपल्यावर साधारण अर्ध्या तासात कुत्रा आडवा झाला पाहिजे. तो धापा टाकत पिंजऱ्यात फेऱ्या मारत असेल, गेटवर उड्या घेत असेल, तर खेळ चुकला.

बॉल फेकून 'एनर्जी काढणं'

सगळ्यात लोकप्रिय चूक. चाळीस वेळा बॉल फेकला की कुत्रा दमतो, पण शांत होत नाही. पाठलागाने अंगात चढलेली उत्तेजना उतरायला वेळ लागतो. चार दिवस हेच चाललं की तो पाचव्या दिवशी माणूस दिसताच भुंकायला लागतो. लेझरचा लाल ठिपका तर अजिबात नको. तो कधीच हाती लागत नाही आणि काही कुत्र्यांना सावल्यांच्या, उजेडाच्या मागे धावायचं वेड लागतं.

त्याऐवजी तीन ते पाच मीटरच्या लांब दोरीवर वीस मिनिटं हुंगत फिरवा. चाल कुत्र्याची, माणूस मागे. एकाच झाडाशी तो तीन मिनिटं थांबला तर थांबू द्या, कारण तेच त्याचं काम आहे. येऊरच्या बाजूला केनेल असेल तर ही फेरी अंधार पडायच्या आत उरका. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या भागात बिबट्या कुत्र्यासाठी येतो. पावसाळ्यात गवतातून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांची आतली बाजू आणि पट्ट्याखालची जागा चाचपून गोचिड्या काढा. साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार तिथेच मिळतो.

पहिल्याच दिवशी गोठवलेला काँग

काँग, म्हणजे पोकळ रबरी खेळणं, जवळपास प्रत्येक बोर्डिंगमध्ये दिसतं आणि जवळपास सगळीकडे एकाच प्रकारे वाया जातं. ठासून भरलेला, दगडासारखा गोठवलेला काँग नवख्या पाहुण्यापुढे ठेवतात. दोन मिनिटं चाटून तो सोडून देतो आणि रजिस्टरमध्ये नोंद होते: 'खेळण्यात रस नाही.' वास्तविक ताणाखालचा कुत्रा चिकाटी दाखवत नाही. पहिल्या प्रयत्नात काहीतरी तोंडात पडलं तरच तो दुसरा प्रयत्न करतो.

म्हणून पायऱ्या लावा. पहिल्या दिवशी फक्त सुटं ड्राय फूड, तेही अर्ध्यापर्यंत. ढकललं की सांडलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी काँगच्या तोंडाशी चमचाभर दही किंवा उकडलेला लाल भोपळा लावून थोडं अडवा. तिसऱ्या दिवशी ड्राय फूड तेवढ्याच कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, कुस्करून भरा, पण गोठवू नका. हे सगळं त्याने संपवलं तर चौथ्या दिवशी तेच मिश्रण भरून काँग पेल्यात उभा ठेवा आणि चार-पाच तास फ्रीझरमध्ये. छोटं भोक खाली येतं, तिथे थोडं भोपळ्याचं बूच लावलं की गळत नाही. दोन्ही भोकं मात्र कायमची बुजू देऊ नका. हवा आत जायला वाट नसेल तर चाटताना जीभ आत ओढली जाऊन अडकू शकते. माप घेताना शंका आली तर मोठं घ्या. तोंडात अख्खं मावणारं खेळणं घशात अडकतं.

काँगमधलं अन्न रोजच्या जेवणातून वजा करायचं. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपुढे गेला की जुलाब होऊ शकतात आणि दोष पाण्याला दिला जातो.

प्रेमाने दिलेला घातक खाऊ

गणपतीत प्रसादाची वाटी केनेलपर्यंत येते. पंचखाद्यातले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ले तर चालेल याचा भरवशाचा आकडा नाही, त्यामुळे उत्तर 'एकही नाही' असंच धरा. शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले. कांदा-लसूण घातलेला रस्सा, चॉकलेट, शिजवलेलं हाड हे बहुतेकांना माहीत असतं. पीनट बटरचं मात्र लक्षात राहत नाही. 'शुगर-फ्री' डबा असेल तर लेबल वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) किंवा त्याचा ९६७ हा क्रमांक दिसला तर तो डबा केनेलच्या स्वयंपाकघरात ठेवूच नका.

अख्खा नारळ किंवा पाणी संपलेलं शहाळं चघळायला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दिसायला झकास. पण काथ्याचे तंतू पोटात जाऊन आतड्यात अडकतात. गोणपाटाच्या सुटलेल्या सुतळीचंही तेच. चघळायला कडक रबर द्या आणि समोर बसून लक्ष ठेवा.

सगळ्यांना एकत्र खाऊ

घरी दोन कुत्री एका ताटात खात असतील, बोर्डिंगमध्ये तसं नाही. खायच्या वस्तूवर गुरगुरणं हा तिथे आलेल्या कुत्र्याचा नवा स्वभाव नसतो, जागा नवी असते. खाऊ असलेलं प्रत्येक खेळणं ज्याच्या त्याच्या खोलीत, दार लावून. परत घेताना ओढू नका. दोन हात लांब चिकनचे तुकडे टाका, तो तिकडे गेला की उचला. खाऊशिवाय मोकळं खेळायचं ते तीन-चार जणांत, अंगाने आणि स्वभावाने जुळणाऱ्यांत, दहा-पंधरा मिनिटं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या जातींना जेवणानंतर किमान तासभर पळवू नका. पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तिथे मिनिटांचा हिशोब असतो.

पावसाळ्यात उन्हाळ्याचं सामान

जुलैत स्नफल मॅट, म्हणजे दाणे लपवून हुंगायला द्यायची कापडी चटई, दोन दिवसांत वाळत नाही. ओलसर कापडात अन्नाचे कण राहिले की बुरशी आलीच. एक मॅट चार कुत्र्यांत फिरवली तर जुलाब करणारा जिआर्डिया हा परजीवीही फिरतो. जून ते सप्टेंबर कापडी मॅट बाजूला ठेवून स्टीलचा मफिन ट्रे घ्या. प्रत्येक खळग्यात पाच-सहा दाणे आणि वर रबरी बॉल. प्रत्येक वेळी धुऊन, पुसून पुढच्याला. पार्सलचे पुठ्ठ्याचे खोके एकदाच वापरून फेकायचे. आधी टेप, स्टेपल पिना आणि लेबल काढा. अंड्याचे ट्रे वापरू नका, त्यांवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. जो पुठ्ठा फाडत नाही, गिळतो, त्याला हा खेळच नाही.

इथेच फिनेलचा मुद्दा येतो. फिनेल पंजांवरून चाटलं जातं आणि विषारी ठरतं. शिवाय त्याच्या उग्र वासात हुंगायचा खेळ म्हणजे कांदा चिरताना वाचायला बसवण्यासारखं. मूत-विष्ठा आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा, कोरडं करा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. घरून आलेली चादर मात्र घाण झाल्याशिवाय धुऊ नका. पालकांनी न धुतलेला टी-शर्ट पाठवला तर उत्तम. महागड्या बेडपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आवाज आणि आडोसा

बंद केनेलमध्ये भुंकण्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो. संगीत लावून तो झाकायचा प्रयत्न उलटा पडतो. हळू आवाजात लावा आणि रोज बदला. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात कुत्री सॉफ्ट रॉक आणि रेगेला अधिक शांत प्रतिसाद देताना दिसली. पण एकच प्लेलिस्ट चालू ठेवली तर काही दिवसांत परिणाम ओसरतो. विसर्जनाच्या ढोल-ताशांना गाण्याने उत्तर नाही. त्या संध्याकाळी फिरणं लवकर उरका, लिक मॅट (खाऊ फासून चाटायला द्यायची खाचांची चटई) आवाज सुरू होण्याआधी द्या आणि आतली खोली वापरा. गेटचा खालचा अर्धा भाग झाका. समोरासमोर डोळे भिडणं थांबलं की बरंच भुंकणं आपोआप कमी होतं. दुपारी बारा ते चार पडदे ओढून पूर्ण विश्रांती.

अडलं तर

खेळण्यावर भुंकतो: अवघड आहे, एक पायरी मागे या. काहीच घेत नाही, जांभया देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो: खेळणं काढा, त्याच्या चादरीवर दाणे पसरा आणि तिथून निघून जा. चोवीस तास पूर्ण उपाशी असेल तर पालकांना आणि डॉक्टरांना कळवा. पिल्लू किंवा मधुमेही कुत्रा असेल तर त्याहून लवकर. पग, शित्झूसारखी चपट्या नाकाची कुत्री एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर बाहेर काढू नका. ऑक्टोबरच्या दमट दुपारीही तोच नियम.

घरी गेल्यावर कुत्रा दिवसभर झोपला की पालक घाबरतात. ते सहसा झोपेचं देणं फिटत असतं. मात्र कोरडा खोकला, ताप किंवा गडद लघवी यांपैकी काही दिसलं तर झोप समजून थांबू नका. केनेल कफ या कुत्र्यांमधल्या संसर्गजन्य खोकल्याची लक्षणं संसर्गानंतर दोन आठवड्यांपर्यंतही दिसू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना बोर्डिंगच्या तारखा आवर्जून सांगा.