टॉवर, रॅक की ब्लेड? सर्व्हर घेण्याआधी खोली बघा

सर्व्हर घ्यायचा म्हटलं की प्रोसेसर कुठला, कोअर किती, रॅम किती यावरच सगळी चर्चा होते. पण टॉवर (डेस्कटॉपसारखा उभा डबा), रॅक (लोखंडी कपाटात आडवा बसणारा) आणि ब्लेड (एका मोठ्या पेटीत खोचायची पाती), तिन्हीत आतला माल बऱ्याचदा सारखाच असतो, तेच इंटेलचं झिऑन नाहीतर एएमडीचं एपिक प्रोसेसर, तीच ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी) रॅम. फरक असतो डब्याचा, आणि डबा कुठला घ्यायचा हे तुमची खोली ठरवते, म्हणजे तिथली वीज, एसी, आवाज आणि बिघाड झाला तर धावत येणारा माणूस.

कोटेशन मागवायच्या आधी एकच आकडा काढा. पुढच्या तीन-चार वर्षांत, व्हर्च्युअलायझेशन करून (म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन चालवून), खरोखरची मशीन किती लागतील? अकाउंटिंगला एक, फाइल्सना एक, मेलला एक असं आता कोणी करत नाही, प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही असं त्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकलं की छोट्या बिझनेसचं सगळं दोन मशीनवर बसतं, आणि दोन अशासाठी की एक झोपलं तर दुसऱ्यावर काम चालू राहावं.

आकडा एक-दोन आला आणि वेगळी सर्व्हर रूम नाही, तर टॉवर घ्या, विषय संपला. त्यातले पंखे मोठे असतात म्हणून हळू फिरतात, शेजारी बसून माणूस फोनवर बोलू शकतो. फक्त भारीतला डेस्कटॉप घेऊन त्याला सर्व्हर म्हणू नका, ईसीसी रॅम, चालू मशीनमध्ये बदलता येणाऱ्या डिस्क आणि शक्यतो दोन पॉवर सप्लाय हवेतच. काही टॉवर मॉडेल्सना रेल किट लावून नंतर रॅकमध्ये आडवं बसवता येतं, बिझनेस वाढणार असेल तर तसलंच बघा.

तीन-चारच्या वर गेलात, किंवा स्विच, फायरवॉल, स्टोरेज असा पसारा आधीच आहे, तर रॅक. रुंदी १९ इंच ठरलेली, उंची यूमध्ये मोजतात, १ यू म्हणजे १.७५ इंच, आणि पूर्ण उंचीचा रॅक साधारण ४२ यूचा. लोक १ यू घ्यायला जातात कारण दिसायला सुटसुटीत, पण त्यात पंखे बसतात बोटभर आणि ते इतक्या जोरात फिरतात की ऑफिसमध्ये ठेवलात तर दुसऱ्या दिवशी तक्रार येणार. जागेची मारामारी नसेल तर सरळ २ यू घ्या, जास्त डिस्क, जास्त कार्ड, आवाज कमी. आणि रॅक पुढून मागे किती खोल आहे ते टेप लावून मोजा हो! नेटवर्कसाठी घेतलेला ६०० मिमी खोल रॅक असतो, त्यात ७००-८०० मिमी लांब सर्व्हर जात नाही, मागे केबलला जागा धरून १००० मिमी तरी लागतो.

आता उष्णता. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी जवळपास सगळी गरमी म्हणून खोलीत टाकतो. १ टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट गरमी ओढतो, म्हणजे सगळ्या मशीनचे वॉट जोडले की हिशोब झाला, वर एसी बंद पडला तर काय याचाही विचार करा, कारण रात्री आणि सुट्टीतही ही मशीन चालूच असतात.

ब्लेडमध्ये वीज, पंखे, नेटवर्क हे सगळं चॅसिसमध्ये, म्हणजे ब्लेड खोचायच्या मोठ्या पेटीत, आणि ब्लेड म्हणजे नुसतं प्रोसेसर-रॅमचं पातं. एचपीच्या सी७००० चॅसिसमध्ये १० यू जागेत १६ हाफ-हाइट (अर्ध्या उंचीची) ब्लेड बसायची, केबलचा गुंता जवळजवळ गायब, आणि बिघडलेलं पातं ओढून दुसरं खोचलं की झालं. ऐकायला मस्त, पण चॅसिसचे पैसे पहिल्याच दिवशी जातात, त्यात चारच ब्लेड लावलीत तर ते पैसे पडूनच राहिले. पुढची सगळी ब्लेड त्याच कंपनीची घ्यावी लागतात, आणि त्यांनी ती चॅसिस बंद केली की तुम्ही अडकलात. भरलेली चॅसिस कित्येक किलोवॅट ओढते, साध्या ऑफिसच्या वायरिंगचं ते काम नाही. डझनावारी एकसारखी मशीन आणि नीट डेटा सेंटर असेल तरच या वाटेला जा. मधलं काही हवं असेल तर २ यूमध्ये चार नोड (स्वतंत्र मशीन) बसणारे सर्व्हर मिळतात, तेही बघा.

कुठलाही डबा घ्या, कोटेशनमध्ये रिमोट मॅनेजमेंटचं (दूर बसून मशीन सांभाळायच्या सोयीचं) लायसन्स आहे का ते विचारा, डेलचं आयड्रॅक असो की एचपीईचं आयएलओ, पूर्ण रिमोट स्क्रीनसाठी बऱ्याचदा वेगळे पैसे लागतात आणि विकणारा ते आपणहून सांगेलच असं नाही.