फिजीला जायचंय? आधी बोटीचं वेळापत्रक बघा

फिजीची सहल ठरवायला बसलं की हात आपोआप हॉटेलांच्या फोटोंकडे जातो. ते फोटो थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी नकाशा उघडा आणि त्यानंतर बोटीचं वेळापत्रक. तीनशेहून जास्त बेटांचा हा देश, त्यातल्या शंभरेक बेटांवर वस्ती. पर्यटक जातात त्या बऱ्याच बेटांवर सोयीची बोट दिवसातून एकदाच पोचते. ती चुकली तर दुसरा दिवस उजाडेपर्यंत बसून राहायचं. नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांना मी फिजीची आखणी करून देते, तेव्हा पहिला वाद इथेच होतो. त्यांना आठवड्यात पाच बेटं हवी असतात. मी दोन मुक्काम देते, फार तर तीन, आणि त्यावर ठाम राहते.

आधी भूगोल डोक्यात बसवून घ्या. वीती लेवू हे सगळ्यांत मोठं बेट. आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथल्या नांदीला, पश्चिम टोकाला (स्पेलिंग बघून ‘नाडी’ म्हणू नका). राजधानी सुवा त्याच बेटाच्या आग्नेय टोकाला. नांदीसमोरच्या समुद्रात मामानुथा नावाचा छोट्या बेटांचा पुंजका आहे आणि त्याच्या उत्तरेला यासावा बेटांची लांबच लांब रांग. ईशान्येला वानुआ लेवू आणि तावेउनी. पहिल्यांदा जाणाऱ्याने नांदी आणि यासावा, नाहीतर नांदी आणि तावेउनी, यातली एक जोडी निवडावी. दोन्ही दिशा एकाच आठवड्यात कोंबल्या तर निम्मी सुट्टी विमानतळावर आणि धक्क्यावर जाते.

कधी जायचं? मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा आणि चक्रीवादळांचा. फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन वादळाने इथे 44 जीव घेतले, गावंच्या गावं आडवी केली. म्हणून त्या महिन्यांतली स्वस्त तिकिटं बघून हुरळून जाऊ नका. जायचंच असेल तर वादळामुळे प्रवास रद्द झाल्यास भरपाई देणारा विमा काढा, आणि वादळाला नाव पडायच्या आधी काढा, नंतर काढलेला कामाला येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की, विशेषतः जुलैमध्ये, रिसॉर्ट भरून जातात. मला स्वतःला मे महिना आवडतो. पाऊस नुकता ओसरलेला, डोंगर हिरवे, समुद्र अजून कोमट.

एक गोष्ट हवामानाच्या अॅपवर कळत नाही. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वीती लेवूच्या मधल्या डोंगरांना धडकतात आणि पाऊस सुवाच्या बाजूला सांडतात. डोंगराच्या आडोशाला असलेली नांदी, मामानुथा आणि यासावा कोरडी राहतात. ‘फिजीत पाऊस’ असं दिसलं तर कुठल्या बाजूला, हे आधी बघा.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाताना आगाऊ व्हिसा लागत नाही, प्रवेशाचा परवाना तिथे पोचल्यावर मिळतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद हाताशी हवा. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी फिजी सरकारच्या इमिग्रेशनच्या पानावर एकदा खात्री करून घ्या. खरी मेख वाटेतल्या देशाची असते. सिडनी किंवा ऑकलंडमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी तिथे नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना आधी ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. सिंगापूरहून नांदीला थेट विमान आहे, दहा तासांच्या आसपास लागतात. सामान शेवटपर्यंत एकाच तिकिटावर जात असेल तर मी तीच वाट घ्यायला सांगते. घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे, म्हणून पहिल्या दिवशी बोट, डोंगर, काहीही ठेवू नका. नांदीत झोपा.

आता त्या बोटीकडे येऊ. यासावाला जाणारी मोठी पिवळी कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची वेगवान बोट, सकाळी नांदीजवळच्या पोर्ट डेनाराऊहून निघते, बेटांच्या रांगेने उत्तरेला चढत जाते आणि तीच संध्याकाळी परत येते. म्हणजे दुपारी विमान उतरलं तर त्या दिवशीची बोट गेलेली असते. परतीलाही तेच. टोकाच्या बेटावरून निघालात तर डेनाराऊला पोचेपर्यंत अंधारू लागतं. त्यामुळे येताना एक रात्र नांदीची आणि जाताना एक रात्र नांदीची, ही माझ्या आखणीतली अट. समुद्र खवळला की बोट उशिरा येते, कधी रद्दही होते, आणि संध्याकाळचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

या बेटांवर बहुतेक ठिकाणी धक्का नाही. कॅटामरान बेटासमोर पाण्यातच थांबते, रिसॉर्टची छोटी बोट येऊन तिच्या मागच्या बाजूला लागते. कर्मचारी तुमच्या बेटाचं नाव पुकारतो, बॅगा हातोहात खाली जातात आणि दोन्ही बोटी खालीवर होत असताना तुम्हाला एक पाऊल टाकायचं असतं. खलाशी दंड धरतो, लाट वर येईपर्यंत थांबवतो आणि बरोबर क्षणी ‘आता’ म्हणतो. माझ्या सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून अशाच उतरल्या. पण त्यानंतर किनाऱ्यालगत मांडीभर पाण्यात उतरून वाळूवर चालत जायचं होतं, आणि तेच त्यांना जड गेलं. घरातलं कुणी वयस्क बरोबर असेल तर रिसॉर्टला ईमेलवर थेट विचारा: धक्का आहे का, नसेल तर किती पाण्यात उतरावं लागतं? उत्तर मनासारखं नसेल तर मामानुथातलं जवळचं, धक्का असलेलं बेट घ्या. मोठी चाकांची सुटकेस नांदीच्या हॉटेलात ठेवून जा, बरीच हॉटेलं ती सांभाळतात. बरोबर पाठीवरची बॅग, फोन आणि औषधांसाठी पाणी न शिरणारी पिशवी, पायात भिजल्या तरी चालतील अशा चपला. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

यासावात दुकानं जवळपास नाहीतच, म्हणून तिन्ही वेळचं जेवण रिसॉर्टकडूनच घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे खोलीभाड्याखेरीज लागतात. दर बघताना हे विसरलं की हिशेब कोलमडतो. शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावं, आणि ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नये. मासे नकोत, अंडं चालतं की नाही, मांसाचा रस्सा नको, असं सुटं सुटं लिहा. बोटीने आठवड्याची भाजी आलेली असते, स्वयंपाकघराला वेळेवर कळलं तर ते मनापासून करतात. रोउरोउ जरूर मागा: अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, बरोबर उकडलेला दालो, म्हणजे अळूचाच कंद. पालुसामी दिसायला तसंच असतं, पण त्यात बऱ्याचदा डब्यातलं गोमांस घालतात. विचारल्याशिवाय पानात घेऊ नका.

नांदीत आणि सुवात शाकाहाराचा प्रश्न येत नाही, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. 14 मे 1879 रोजी ‘लिओनिदास’ जहाज भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुरांची पहिली तुकडी घेऊन फिजीत पोचलं. 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला आणली गेली. आजच्या लोकसंख्येत त्यांच्या वंशजांचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे. नांदीच्या टॅक्सीत तुम्ही हिंदीत बोललात तर उत्तर फिजी हिंदीत येईल, अवधी-भोजपुरीच्या वळणाचं. दुपारी एखाद्या साध्या खानावळीत रोटी, डाळ, चटणी खा आणि श्री शिव सुब्रमण्य मंदिराचं रंगीत गोपुर बघा. मात्र ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न सावकाश विचारा. काहींना पणजोबांचं गाव ठाऊक असतं, काहींच्या घरात ती माहिती जहाजावरच हरवली. मला हा भाग इतका महत्त्वाचा वाटतो, की जमलं तर सुवाला एक दिवस काढाच, असं मी सांगते. नांदीहून क्वीन्स रोडने बसला चार-पाच तास लागतात. सुवाच्या थर्स्टन गार्डनमधल्या फिजी म्युझियममध्ये 1913 साली बांधलेली ‘रातू फिनाऊ’ ही दुहेरी होडी आणि खलाशांच्या बंडामुळे गाजलेल्या ‘बाउंटी’ जहाजाचं सुकाणू ठेवलं आहे. फक्त रविवार टाळा. रविवारी देश चर्चमध्ये असतो, दुकानं बंद, बस कमी. बेटावर असाल तर मात्र रविवार वाया घालवू नका. गावातल्या चर्चमध्ये पाहुण्यांचं स्वागत होतं आणि तिथलं समूहगान, कुठल्याही वाद्याशिवाय चार सुरांत चढत जाणारं, जन्मभर लक्षात राहील असं असतं.

गावात जायचं तर रिकाम्या हाताने नाही. यांगोनाच्या, म्हणजे कावाच्या, वाळलेल्या मुळ्यांची जुडी घेऊन जायची आणि गावच्या प्रमुखासमोर ठेवून प्रवेशाची परवानगी मागायची. या रीतीला सेवूसेवू म्हणतात. जुडी नांदीच्या बाजारात मिळते. अर्धा किलो पुरते, विक्रेता कागदात गुंडाळून बांधून देतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कमरेला सुलू, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, स्त्री-पुरुष दोघांनीही गुंडाळावं. टोपी आणि गॉगल गावाच्या वेशीवरच काढा. लहान मुलाच्याही डोक्याला हात लावू नका, आपल्याकडे मायेने करतो ते तिथे अनादराचं. चटईवर मांडी घालून बसायचं. तानोआ नावाच्या लाकडी परातीतून करवंटीत कावा भरून येतो. एक टाळी वाजवा, ‘बुला’ म्हणा, एका दमात पिऊन टाका, मग तीन टाळ्या. चव मातकट, जीभ आणि ओठ थोडे बधिर होतात. कमी हवा असेल तर ‘लो टाइड’ म्हटलं की अर्धीच करवंटी येते. कावा घेतल्यावर दारू आणि गाडी, दोन्ही वर्ज्य.

भरती-ओहोटीचं कोष्टक फोनमध्ये ठेवा. वीती लेवूच्या दक्षिणेचा कोरल कोस्ट फोटोत सुंदर दिसतो, पण ओहोटीला तिथलं पाणी घोट्याइतकं उतरतं आणि पायाखाली धारदार प्रवाळ येतं. भर पोहण्यावर असेल तर नातांदोला किनारा बरा. प्रवाळाच्या भिंतीत जिथे खिंड असते तिथे ओहोटीचं पाणी जोराने बाहेर धावतं. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही एकट्याने उतरू नये. कुठली खिंड कुठे आहे हे स्थानिक नावाड्याला ठाऊक असतं, त्याला विचारा आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर ऐका. मान्ता रे (पंखांसारखे पर असलेले मोठे, चपटे मासे) बघायचे असतील तर साधारण मे ते ऑक्टोबर या काळात यासावातल्या द्रावांगा बेटाजवळच्या खिंडीत ते खायला येतात. रिसॉर्टचा माणूस सकाळी लक्ष ठेवून असतो, दिसले की ढोल वाजतो आणि सगळे बोटीकडे धावतात. मान्ताच्या मागे लागू नका, एका जागी तरंगत राहा. ते वळून तुमच्या खालून जातात, पंख एखाद्या चादरीसारखे उचलत, अगदी जवळून.

तावेउनी निवडलंत तर चित्र वेगळं. छोटी विमानं, सामानाची मर्यादा कमी, पाऊस भरपूर, म्हणूनच जंगल घनदाट. बोउमाचे तीन धबधबे आणि सोमोसोमो सामुद्रधुनीतला रेनबो रीफ, मऊ प्रवाळांचा. डायव्हिंग करणाऱ्यांनी यासावा सोडून इकडेच यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचं थोडक्यात. चलन फिजी डॉलर. नांदीच्या विमानतळावर आणि गावात एटीएम आहेत, बाहेरच्या बेटांवर धरून चालू नका. कार्डावर बऱ्याच ठिकाणी अधिभार लावतात. टीप देण्याची सक्ती नाही, रिसॉर्टच्या काउंटरवर कर्मचाऱ्यांच्या ख्रिसमस निधीची पेटी असते, त्यात टाका, म्हणजे स्वयंपाकघरातल्या आणि बागेतल्या माणसालाही वाटा मिळतो. वीज 240 व्होल्ट, पण प्लग ऑस्ट्रेलियाचा, तिरप्या पट्ट्यांचा. मलेरिया नाही, डेंग्यू आहे, म्हणून डासांचं मलम घ्या.

घरचा खाऊ नेण्याआधी विचार करा. फिजीचं जैवसुरक्षा खातं कडक आहे. मध, तुपातले लाडू, बिया, ताजी फळं, बुटांना चिकटलेली माती, यातलं काहीही असेल तर अर्जावर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो. येताना किनाऱ्यावरचे शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे तिथेच राहू द्या. डायव्हिंग केलं असेल तर शेवटची बुडी आणि विमान यांत किमान 18 तासांचं अंतर ठेवा, आणि नांदीतली ती शेवटची रात्र त्यासाठीही धरा.