वेगवान गोलंदाजांवरून भांडायचं तर नीट भांडा

इंदूरच्या छप्पन दुकानला पोह्यांची प्लेट रिकामी व्हायच्या आत वेगवान गोलंदाजांवरचा वाद "अरे भिया, त्याचा क्लासच वेगळा" इथे येऊन अडकतो. कारण दोन निरनिराळे प्रश्न एकात मिसळलेले असतात: थोर कोण, आणि पुढच्या कसोटीत घ्यायचं कोणाला. पहिल्याला अख्खी कारकीर्द लागते, दुसऱ्याला मैदान, चेंडू आणि समोरचे सहा फलंदाज. आपण कशावर बोलतोय ते आधी ठरवून टाका, निम्मा आरडाओरडा तिथेच थांबतो.

थोरवीचा वाद आकड्यांशिवाय होत नाही, पण नुसत्या बळींच्या संख्येवर तो कधी जिंकू नका. झहीर खानचे 311 बळी, इशांत शर्माचेही 311. झहीरला त्यासाठी 92 कसोटी लागल्या, इशांतला 105. म्हणून लगेच झहीर सरस असं म्हणाल, तर समोरचा सांगेल की सरासरी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, दोघांचीही 32च्या घरात आहे. आणि तो खरंच बोलतोय.

सरासरी बनते कशी ते कळलं पाहिजे. स्ट्राइक रेटला, म्हणजे एका बळीमागे पडलेल्या चेंडूंना, इकॉनॉमीने, म्हणजे षटकामागे दिलेल्या धावांनी, गुणा आणि 6ने भागा. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्राची सरासरी 21.64, दक्षिण आफ्रिकेच्या डेल स्टेनची 22.95. फरक सव्वा धावेचा. पण मॅकग्रा दर 52 चेंडूंना एक बळी घ्यायचा आणि षटकाला अडीच धावा द्यायचा, तर स्टेन 42 चेंडूंतच बळी घ्यायचा आणि सव्वातीन धावा द्यायचा. तुमच्याकडे दुसऱ्या टोकाला टिच्चून टाकणारा असेल तर स्टेन परवडतो. दोन्ही टोकांनी धावा जात असतील तर मॅकग्राच हवा. कोण मोठा हा प्रश्न तोपर्यंत बाजूला पडलेला असतो आणि वाद कामाचा झालेला असतो.

खेळपट्टीच सोपी होती, असा आक्षेप आला की सोबत्यांची सरासरी काढा. म्हणजे त्याच सामन्यांत त्याच संघाच्या इतर वेगवान गोलंदाजांनी बळीमागे किती धावा मोजल्या ते बघा. 2024-25च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराहने पाच कसोटींत 32 बळी घेतले, सरासरी 13.06. त्याच मालिकेत सिराजला 20 बळी मिळाले, 31च्या सरासरीने. ऑस्ट्रेलियात सगळ्यांनाच मिळतात, हे म्हणणं इथे टिकत नाही. मात्र पंधरा-वीस डावांपेक्षा कमी टाकलेल्याला ही फूटपट्टी लावू नका, एका गवताळ सामन्याने सगळा हिशोब हलतो.

आता निवड. उदाहरण घरचंच घेऊ. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर नोव्हेंबर 2019मध्ये बांगलादेशाविरुद्ध आपण तीन वेगवान गोलंदाज खेळवले आणि शमी, उमेश, इशांत यांनी 20पैकी 14 बळी घेतले. मार्च 2023मध्ये त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या सकाळपासून चेंडू हातभर वळत होता. आपण 109 धावांत गारद झालो, आणि पूर्ण सामन्यात दोन्ही संघांच्या वेगवान गोलंदाजांना मिळून चार बळी मिळाले. "इंदूरला किती पेसर खेळवायचे" याचं कायमचं उत्तर कोणी सांगत असेल तर त्याने या दोनपैकी एकच सामना पाहिलाय.

त्या चारातले तीन उमेश यादवचे होते, आणि तेच बारकाईने बघण्यासारखे आहेत. चेंडू 70 षटकं उलटून गेलेला, दुसरा नवा चेंडू अजून लांब. उमेशने ग्रीनला पायचीत केलं, स्टार्क आणि मर्फीचे त्रिफळे उडवले. 5 षटकांत 12 धावा देऊन 3 बळी. ऑस्ट्रेलियाचे शेवटचे सहा गडी 11 धावांत गेले. तेव्हा भारतात दुसरा वेगवान गोलंदाज निवडताना नव्या चेंडूवरचा स्विंग दुय्यम धरा. जुन्या एसजीवर, म्हणजे भारतातल्या कसोटींच्या चेंडूवर, यष्ट्यांत टाकतो का, आणि दोन तास उभं राहून आल्यावर पहिल्याच षटकात वेग येतो का, हे विचारा.

मग षटकांची वाटणी कागदावर मांडा. दिवसाला 90 षटकं. इंग्लंडात तीन मुख्य गोलंदाज प्रत्येकी 18, फिरकीपटू 24, उरली 12. ती 12 चौथ्या वेगवान गोलंदाजाची. त्याच्या वाट्याला दहाही येत नसतील तर तो फलंदाज म्हणून खेळतोय, त्याला धावांनीच मोजा. इथेच बहुतेकांची अकरा जणांची यादी फसते: आठव्या क्रमांकाच्या वीस धावांसाठी पाचव्या दिवशी थकलेले तिघे उरतात. डावखुऱ्याची बाजू मांडताना "व्हरायटी" एवढंच म्हणून थांबू नका. ओव्हर द विकेट, म्हणजे चेंडूचा हात यष्ट्यांकडे ठेवून, टाकताना त्याच्या पायांनी उजव्या फलंदाजाच्या ऑफ यष्टीबाहेर खड्डे पडतात, आणि समोरच्या टोकाच्या ऑफस्पिनरला ते आयते मिळतात.

एक सापळा हल्ली वरचेवर दिसतो. 2025च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह तीन कसोटी खेळला. भारत जिंकला त्या दोन, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्याच्याशिवायच्या. यावरून त्याची गरज नाही असं म्हणणाऱ्याला एजबॅस्टनच्या 587 आणि 6 बाद 427 या धावसंख्या दाखवा, गिलच्या 269 आणि 161 धावांसकट. आकाश दीपचे दहा बळी खरेच, पण त्याच्या पाठीशी हजार धावा होत्या. ओव्हलला सहा धावांनी जिंकलो तेव्हा सिराज पाचही कसोटी खेळून 185हून जास्त षटकं टाकून बसला होता. बुमराहविरुद्धचा खरा मुद्दा तो आहे: पाचही सामने कोणाचं शरीर झेपवतं.

जुन्या काळाकडे गाडी वळणारच, इंदुरात सी. के. नायडूंचं नाव निघाल्याशिवाय क्रिकेट संपत नाही. त्यांच्याच नेतृत्वाखाली 1932 साली लॉर्ड्सवर महंमद निसारने पहिल्या डावात 93 धावांत 5 बळी घेतले. पण त्याच्या वाट्याला एकूण कसोटी आल्या सहा. सहा सामन्यांची सरासरी कपिलच्या 131 सामन्यांच्या सरासरीशेजारी मांडणं हा पोरखेळ. निसारबद्दल बोलायचं तर कोणाला आणि कसं बाद केलं तेवढंच बोला.

शेवटची अट: नाणेफेकीआधी प्रत्येकाने आपली अकरा नावं ग्रुपवर टाकायची, आणि ज्याला वगळलं त्याचं कारण एका ओळीत. सामना संपल्यावर यादी बदलणाऱ्याने रात्रीच्या सराफा बाजारात सगळ्यांना गराडू, म्हणजे तळलेला कंद, खिलवायचे.